राज्य गेले, रकाना राहिला

परकी राज्याने आपल्याला काय दिले आणि आपल्यापासून काय नेले, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. दादाभाई नौरोजींनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. उलट पक्षाने रेल्वे, तारायंत्र, न्यायालये आणि छापखाने जमेच्या बाजूस लिहिले. हा मोठा जमाखर्च पंधरा मिनिटांत मांडण्याचा माझा विचार नाही. तेवढी माझी विद्याही नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारे आयुष्य प्राथमिक शाळेत घालवलेला एक मास्तर आहे. आज मी आपल्याला एका कागदावरील एका रकान्याची हकीकत सांगणार आहे. तो रकाना मी माझ्या हाताने भरला होता, म्हणून ती सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजतो.

नाशिकच्या पश्चिमेस, पेठच्या बाजूला, एका डोंगराळ गावात मी काही वर्षे शिक्षक होतो. १९९४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे होते. एकेका मुलाला जवळ बोलावून मी विचारी आणि लिही: वडिलांचे नाव, जात, व्यवसाय, जमीन. एका कोकणा मुलाला मी विचारले, "जमीन किती?" तो म्हणाला, "हाये ना गुरुजी, वहाळापलीकडं. नागली लावतो आम्ही." मी विचारले, "सातबारा आहे?" सातबारा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. मी अर्जात लिहिले, 'निरंक'. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही. मुलगा माझ्या लेखणीकडे पाहत उभा होता. मी पुढच्या मुलाला हाक मारली.

पंधरा वर्षांनी, २००९ साली, त्या मुलाचे आजोबा शाळेत आले. बदल्या होऊन मी पुन्हा त्याच भागात आलो होतो. म्हातारा म्हणाला, "गुरुजी, रानातल्या जमिनीचा दावा लावायचाय. आम्ही इथलेच, वहाळापलीकडं आम्हीच कसतो, असं शाळेच्या कागदात कुठं असलं तर द्या." मी दप्तर काढले. प्रवेशाची नोंद मिळाली. अर्जाची नक्कलही मिळाली. जमिनीच्या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले होते, निरंक.

त्या दिवसापासून या शब्दाचे मूळ शोधण्याची मला ओढ लागली. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचले, त्यातले थोडेसे आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेकडे निफाड-सिन्नरचा सपाट मुलूख. पश्चिमेकडे ब्रह्मगिरीपासून उत्तरेस कळवणपर्यंत डोंगरांची रांग, आणि त्या डोंगरांत इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. येथे महादेव कोळी, कोकणा, वारली, भिल्ल, कातकरी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जमिनीवर पसरून जाळावयाचा, त्या राखेत भात-नागलीचे रोप तयार करावयाचे, आणि पाऊस पडल्यावर ते उतारावर लावावयाचे, ही त्यांची शेती. या जाळण्यास 'राब' म्हणतात. नागली, वरई, मोहाची फुले, डिंक, मध, बांबू यांवर वर्ष निघे.

इंग्रजांपूर्वी या लोकांचे रामराज्य होते, असे मी म्हणणार नाही. पेशवाईतही कर होते, वेठ होती, सावकार होते. परंतु तेव्हाच्या राज्यकर्त्याला डोंगरातील माणसाची गरज लागे. गड राखण्यास, घाटवाटांवर नजर ठेवण्यास कोळी नाईक लागत, आणि त्या चाकरीच्या बदल्यात त्यांचे हक्क मानले जात. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांना गडांचे प्रयोजन उरले नाही, म्हणून गड राखणाऱ्यांचेही उरले नाही. जुने हक्क आटले, सावकाराचा फास आवळला, आणि डोंगर पेटले. अकोले भागातील राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सिन्नर-नांदूरच्या बाजूला भिल्लांना घेऊन लढलेले भागोजी नाईक १८५९ साली मारले गेले. ही बंडे मोडली. तथापि तोवर डोंगरावरच्या जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न कायद्याने विचारलेला नव्हता. तो विचारण्याची वेळ रेल्वेने आणली.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ साली धावली, आणि १८६५ साली कसाऱ्याचा घाट चढून लोहमार्ग इगतपुरीस आला. त्या घाटातील बोगदे पाहून आजही मन थक्क होते. परंतु लोहमार्गास केवळ लोखंड लागत नाही. रुळांखाली लाकडी स्लीपर लागतात, मैलाला दीड-दोन हजार, आणि ते काही वर्षांनी कुजतात म्हणून पुन्हा लागतात. त्यांस योग्य अशी लाकडे थोडी. साग त्यांतला एक. म्हणून १८६४ साली सरकारने जंगल खाते स्थापिले व डिट्रिच ब्रँडिस नावाच्या जर्मन वनशास्त्रज्ञाला त्याचा मुख्य नेमले. १८६५ साली पहिला कायदा झाला. तो अपुरा वाटला, तेव्हा नव्या कायद्याची वाटाघाट सुरू झाली, आणि तिच्यात आजच्या आपल्या विषयाचे मर्म आहे.

वाद खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांतच होता. बेडन-पॉवेल नावाचे एक अधिकारी म्हणत की, सरकारने लेखी मान्य केला तोच हक्क. बाकी लोक रानातून जे आणतात ती केवळ सरकारने डोळेझाक करून दिलेली सवलत. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते: रानावर गावकऱ्यांची वहिवाट आहे, आणि वहिवाट हाच हक्क. ब्रँडिस मधल्या वाटेने जाऊ पाहत होते. काही रान सरकारने राखावे, काही गावांना द्यावे, असे त्यांचे मत. अखेर १८७८ सालचा कायदा झाला तो मुख्यतः बेडन-पॉवेल यांच्या मताचा झाला. योगायोग असा की, आमच्या पेठचे लहानसे संस्थानही त्याच १८७८ साली खालसा होऊन इंग्रजी मुलखात सामील झाले.

या कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सरकारने जाहीर करावयाचे की अमुक डोंगर राखीव वन होणार. मग एका अधिकाऱ्याने जवळच्या गावांत लोकांच्या भाषेत जाहीरनामा लावावयाचा. निदान 3 महिन्यांची मुदत द्यावयाची. ज्याचा हक्क असेल त्याने त्या मुदतीत लेखी अर्ज द्यावा किंवा जातीने येऊन सांगावे. जो येणार नाही त्याचा हक्क, मोठे सबळ कारण नसल्यास, बुडाला.

वरवर पाहता यात अन्याय कोठे आहे? जाहीरनामा आहे, मुदत आहे, लोकांची भाषाही आहे. मी शाळामास्तर म्हणून एवढेच विचारतो की, तो जाहीरनामा वाचणार कोण होते? ज्या गावांत शाळा निघण्यास पुढे कित्येक दशके लागावयाची होती, त्या गावांच्या चावडीवर तो कागद डकवला गेला. कोणास वाचता येत नव्हते, म्हणून कोणी बोलले नाही. कोणी बोलले नाही, म्हणून कोणाचा हक्क नाही असे ठरले. रकाना निरंक राहिला. त्या दिवसापासून राखीव वनात जे जे स्पष्ट परवानगीने नाही ते सर्व गुन्हा झाले. राब करणे गुन्हा, गुरे घालणे गुन्हा, मोळी आणणे गुन्हा. माणूस जागचा हलला नाही. त्याच्या भोवतीची हद्द हलली, आणि तो आपल्याच घरी चोर ठरला.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८३ साली छापले गेले. त्यात या डोंगरी लोकांची राहणी, त्यांची शेती, त्यांची पिके यांची माहिती आहे. म्हणजे सरकारचा एक हात लिहीत होता की हे लोक येथे राहतात व शेती करतात. आणि त्याच सुमारास दुसरा हात त्यांच्याकडे त्याचाच पुरावा मागत होता. सरकारला माहिती होती. तिला हक्क म्हणण्याची त्याची तयारी नव्हती.

आपल्याकडील विचारी माणसे त्या वेळी गप्प बसली नव्हती, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्यास आक्षेप घेतला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, जंगल खात्याने गावांची डोंगर-गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्याची गुरेढोरे कशी मोताद झाली, याची तक्रार मांडली. ठाणे-कुलाबा भागात राबाच्या बंदीवरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढे १९३० साली मिठाबरोबर गवतही सत्याग्रहाचा विषय झाले. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. उरणजवळ चिरनेर येथे त्याच वर्षी २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. आणि आमच्या जिल्ह्यात कळवण तालुक्यातील चणकापूरच्या आदिवासींनीही त्या वर्षी जंगल सत्याग्रह केला.

मधल्या काळात, १९२७ साली, जुना कायदा थोडाफार सुधारून नव्याने केला गेला. आता श्रोतेहो, माझ्या विषयाचा अवघड भाग येतो. १९४७ साली राज्य गेले. १९५० साली आपली घटना आली. घटनेच्या ३७२ व्या कलमाने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. हे योग्यच होते, नाहीतर एका रात्रीत देशात कायदा उरला नसता. परंतु १९२७ चा वनकायदा त्या वाटेने आत आला तो आजतागायत आहे. १९५२ साली स्वतंत्र भारताचे वनधोरण ठरले, त्यात असा आशय आहे की, एखादे गाव जंगलाला लागून वसले हा केवळ योगायोग होय, त्यामुळे साऱ्या देशाच्या हक्काला बाध येता कामा नये. हे वाक्य लिहिणारे आपलेच लोक होते. ज्यांनी परक्यांच्या तुरुंगात वर्षे काढली, त्यांच्याच राज्यात बेडन-पॉवेल यांचा विचार देशहिताचे वस्त्र पांघरून बसला.

परकी राज्याचा टिकाऊ परिणाम म्हणतात तो मला येथे दिसतो. पुतळे हलवता येतात. रस्त्यांची नावे एका ठरावाने बदलतात. परंतु पुरावा कोणी द्यावयाचा, ही रीत एकदा मनात मुरली की ती आपलीच वाटू लागते. मी कोणा इंग्रजाचा नोकर नव्हतो. स्वराज्यातल्या शाळेत, आपल्या लिपीत, आपल्या भाषेत मी त्या मुलाला निरंक ठरवले, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

ही केवळ आपल्या देशाची कथा नाही. जावा बेटात डच सरकारने १८७० साली जाहीर केले की, ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करणार नाही ती सरकारची. ऑस्ट्रेलियात तर तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांना जणू वगळून सारा खंड बेवारस मानला गेला. एडी माबो नावाच्या एका बेटवासी माणसाने व त्याच्या सोबत्यांनी दावा लावला, आणि १९९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कल्पना फेटाळली. निकाल लागण्यापूर्वीच माबो वारले होते. तिन्ही ठिकाणचे लोक वेगळे, भाषा वेगळ्या. पण रकाना एकच. जो लिहू शकत नाही त्याचे काही नाही.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. जंगल खाते नसते तर एवढीही झाडे उरली असती काय? काही ठिकाणी उरली नसती, हे मी कबूल करतो. लाकडाचा व्यापारी कोणाच्याच हक्काची पर्वा करीत नाही, आणि चांगल्या वनाधिकाऱ्यांनी पुष्कळ रान राखले आहे. परंतु त्याच खात्याने सागाच्या तोडीचे ठेकेही दिले. आणि ज्यांना चोर म्हटले त्यांच्याच गावांशेजारी देवराया उभ्या होत्या, जेथे देवाच्या भयाने कोणी काटकी मोडत नसे. राखणदार आणि चोर यांची वाटणी वाटते तितकी सोपी नव्हती. कायद्याच्या शहाणपणाचा एक नमुना पाहा. शास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. कायद्याने त्याला झाड ठरवले, आणि त्यामुळे बुरूडकाम करणाराही वृक्षतोडीचा गुन्हेगार झाला. खाजगी जमिनीवरील बांबू या व्याख्येतून सुटण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

२००६ साली आपल्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेत एक कबुली आहे: परकी अमदानीत आणि स्वतंत्र भारतातही या लोकांचे हक्क नोंदले गेले नाहीत, आणि हा ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतःच्या कायद्यात असे लिहावे हे थोडके नव्हे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. पुराव्यात कागदांबरोबर विहीर, बांध, घर, स्मशान, देवस्थान चालते. आणि वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतही चालते. सव्वाशे वर्षांनी प्रथमच न लिहिणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला कागदावर जागा मिळाली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली.

तथापि कायदा होणे वेगळे आणि रकाना बदलणे वेगळे. दावे फेटाळले गेले, पडून राहिले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईस पायी निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी फार होते, आणि त्यांच्या मागण्यांत वनजमीन अग्रभागी होती. सुमारे १८० किलोमीटर चालून ते १२ तारखेस आझाद मैदानावर पोहोचले. त्यांच्या पायांचे फोड वर्तमानपत्रांत आपण पाहिले असतील. मला आठवते ती दुसरी गोष्ट. १२ तारखेस दहावीची परीक्षा होती. मुलांची वाट अडू नये म्हणून ही थकलेली माणसे शेवटची मजल रात्रीच्या अंधारात चालून गेली. ज्या कागदाने त्यांना शंभर वर्षे नाडले, त्या कागदाच्या परीक्षेला बसणाऱ्या परक्याच्या मुलांची त्यांनी काळजी घेतली.

पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना हटवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि २८ तारखेस तो स्थगितही केला. त्या पंधरा दिवसांत डोंगरातल्या घरांत काय बोलणे चालले असेल, याची कल्पना करा.

माझ्या म्हाताऱ्याचे काय झाले, ते सांगून संपवतो. त्या दिवशी मी त्याला अर्जाची ती नक्कल दाखवली आणि ती माझी चूक असल्याचे सांगितले. तो हसला. म्हणाला, "तुमची कशी, गुरुजी? तुमच्या कागदात जागाच तेवढी होती." मग ग्रामसभेच्या सांगण्यावरून मी त्याची हकीकत लिहून घेतली. वहाळापलीकडचा दगडी बांध त्याच्या बापाने घातलेला. बांधावरचे आंब्याचे झाड त्याच्या आईने लावलेले. वरच्या अंगाला दोन पिढ्यांची माणसे पुरलेली. त्यांच्या जागेवर ठेवलेल्या दगडांची नावे तो एकामागून एक सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. तीन पाने झाली. खाली त्याने अंगठा उठवला. काही वर्षांनी त्या कुटुंबास हक्कपत्र मिळाले. कसत होते त्याहून कमी क्षेत्राचे, पण मिळाले. म्हातारा ते पाहण्यास उरला नव्हता.

श्रोतेहो, आपण शहरात राहतो. आपल्या घराचा उतारा आपल्या कपाटात असतो. डोंगरावर राहणाऱ्यांविषयी वाचताना 'अतिक्रमण' हा शब्द आपल्या नजरेस वारंवार पडतो, आणि आपण तो सहज गिळतो. पुढच्या वेळी तो दिसला की क्षणभर थांबावे, आणि त्या डोंगरावर आधी कोण आले, माणूस की हद्द, एवढे विचारावे. मी हा प्रश्न पंधरा वर्षे उशिरा विचारला. तितका उशीर आपल्याकडून होऊ नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.